बिनपाण्याचा पाक

पेरूच्या पाकाने समाज सुधारत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी तसा अर्थ काढला तर त्याला मी जबाबदार नाही. समाज सुधारतो तो विचाराने, संघटनेने आणि वेळ पडली तर भांडणाने. आमच्या मालकांना यातलं काहीच मान्य नव्हतं. त्यांना मान्य होता फक्त पेरू. तोही नुकता पिवळा पडू लागलेला, अंगठा किंचित रुतेल इतपत पिकलेला आणि त्यांनी स्वतः दाबून घेतलेला.

मालक म्हणजे माझे घरमालक. नाशकात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे भिक्षुकांच्या गल्लीत त्यांचं घर होतं. बायको वारलेली, एकुलती लेक त्र्यंबकला पुजाऱ्यांच्या घरात दिलेली. परसात एक आड, आडापलीकडे एक खोली, आणि त्या खोलीत मी. दिवसा मी एका छापखान्यात खिळे जुळवत असे आणि उरलेल्या वेळात आमच्या मंडळाची पत्रकं लिहीत असे. त्या दिवसांत मी लिहिलेलं एकही पत्रक असं नसेल की ज्यात कुणाचा तरी जाहीर धिक्कार नव्हता. त्याबद्दल मला आजही खेद नाही. धिक्कार करण्याजोगी माणसं होती, आम्ही काय करणार?

मालकांची सारी नोकरी मनमाडच्या मालधक्क्यावर गेली होती. तिथे ते मालबाबू होते. पेन्शन घेऊन नाशकात आले ते रेल्वेचा काळा कोट अंगावर घेऊनच. हा कोट ते धोतरावर, आत काही न घालता, स्वयंपाकाच्या वेळी चढवत. आमच्या गल्लीत लोक चुलीपुढे बसायला सोवळं नेसत. हे गृहस्थ पितळी बटणांचा कोट घालत. कुणी विचारलंच तर म्हणत, "ड्यूटीवर आहे."

माणसांची वाटणी ते जातीने करत नसत, एवढं मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. ती ते मालाप्रमाणे करत. नाशवंत, ठिसूळ, अवजड, दुर्गंधीयुक्त. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांनी वरचं पत्रक ओढून घेतलं, उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ज्वालाग्राही. मागच्या खोलीत ठेवू. घरापासून लांब बरा."

त्यानंतर त्यांनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. सकाळी मी आडावर तोंड धुवायला आलो की ओसरीवरून आवाज येई, "काय ज्वालाग्राही, आज कुणाची होळी?"

पण माझं प्रत्येक पत्रक ते वाचत. गल्लीत वाचणारे ते एकटेच. वाचून अभिप्रायही देत, आणि तो ऐकून माझ्या अंगाची लाही होई. "विचार बरा आहे," एकदा म्हणाले. "पण धिक्कार फार झाले. धिक्कार लवंगेसारखा घालावा रे. दाताखाली एखादाच यावा. मूठभर घातलीस तर माणूस थुंकून टाकतो."

"हा प्रश्न लवंगांचा नाही, अन्यायाचा आहे," मी म्हणालो.

"अन्याय आहेच. पण वाचणारा जेवायला बसलाय, हे विसरू नकोस."

असल्या माणसाशी वाद घालायचा तरी कसा?

पेरूचा पाक ते मनमाडला शिकले. तिथल्या साहेब लोकांच्या उपाहारगृहात एक म्हातारा खानसामा होता, त्याच्याकडून. साहेबांना जेवणानंतर शिजवलेलं फळ लागे. साहेबाच्या 'स्ट्यू'ला खानसामा 'इष्टू' म्हणे. साहेबाचं फळ विलायतेहून डब्यातून येई, ते संपलं की खानसामा नाशिकचे पेरू घेई. मालबाबूंना गाडीची वाट बघत बसावं लागे, खानसाम्याला पातेल्याजवळ. दोघांचं जमलं. गल्लीत सांगताना मालक म्हणत, "मनमाडला एक मोठे तपस्वी होते, पाच वेळा उपासना करणारे, त्यांनी ही विद्या दिली." गल्लीतली मंडळी मान डोलावत. मी एकदा म्हणालो, "सरळ मुसलमान होते म्हणून सांगा की, भिता कशाला?" तर म्हणाले, "पाच वेळा उपासना करणारा म्हटलं, यात खोटं काय?"

कृती अगदी साधी. पेरूच्या चार फोडी करायच्या, बियांचा गर काढून तो पातळ फडक्यातून चोळून गाळायचा, बिया टाकायच्या, गाळलेला गर परत फोडींवर घालायचा. मग कल्हईच्या पातेल्यात एक थर फोडींचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, असं करत जायचं आणि झाकून सोडून द्यायचं. इथे माझ्यासारख्या उतावळ्या माणसाचा जीव जातो. काही घडत नाही. तास जातो. झाकण काढून बघावं तर फोडी आपल्याच रसात बुडालेल्या. "साखर फळाला बोलतं करते," मालक म्हणत. "तू पाणी ओतलंस तर फळ कशाला तोंड उघडेल?" मग ते पातेलं मंद शेगडीवर. लवंगा, शेवटी लिंबू. ढवळायचं नाही, कडा धरून पातेलंच हलवायचं. पांढऱ्या फोडी हळूहळू गुलाबी होतात. पाण्याचा थेंबही घालायचा नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. त्याबाबत ते कर्मठांहून कर्मठ होते.

खडीसाखरेवरून मात्र आमचं वाजलं होतं. सुरुवातीला ते मोरस साखर वापरत, म्हणजे परदेशातून आलेली. मी पातेल्यासमोर उभा राहून त्यांना देशाच्या लुटीवर व्याख्यान दिलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, कारण फोडींना रस सुटायला वेळ होता. शेवटी म्हणाले, "बरं, खडीसाखर आणतो. तुझं व्याख्यान संपेल आणि एकादशीलाही चालेल." मी ते माझ्या चळवळीचं यश मानलं. त्यांनी त्या पाकाच्या बरण्या पुढे गल्लीभर वाटल्या तेव्हा मला कळलं की त्यांचा हिशोब एकादशीचाच होता.

बरणीचं आणखी एक. त्यांचा पाक ज्यांना जिवापाड आवडे ते म्हणजे गल्लीचे प्रमुख, शास्त्रीबुवा. कुणाच्या मुंजीला कोण जाईल, कुणाच्या आडाचं पाणी चालेल, हे त्यांच्या शब्दावर ठरे. पण तोंडात दात एकही नव्हता. पेरूची बी हिरडीत रुतायची म्हणून बिचाऱ्यांनी नाशकात राहून कित्येक वर्षं पेरू खाल्ला नव्हता. मालकांचा बिनबियांचा पाक त्यांना पोचला आणि म्हाताऱ्याचा जन्म सार्थकी लागला. हिवाळा लागल्यापासून दर एकादशीला एक बरणी त्यांच्या घरी जाई. एका एकादशीला मी बघतो तर बरणीच्या तोंडाला दोऱ्याने बांधलेला कागद माझा. माझंच पत्रक. 'धर्माच्या दलालांना जाहीर सवाल.'

"हे काय केलंत?" मी ओरडलो.

"कागद जाड आहे. मुंग्या जात नाहीत."

दोन दिवसांनी बरणी घासूनपुसून परत आली. पत्रक आलं नाही. मालकांनी बरणी उन्हाला धरून बघितली आणि म्हणाले, "बघ, घरात ठेवून घेतलं. तू चौकात उभा राहून वाटतोस तेव्हा कुणी घेतं का?"

गांगुर्डे आला तो याच हिवाळ्यात. सटाण्याकडच्या खेड्यातला. शास्त्र ज्याला अस्पृश्य म्हणतं, सरकार ज्याला दलित वर्ग म्हणतं आणि मी ज्याला मित्र म्हणतो, तो. मॅट्रिकला बसायचं होतं. वसतिगृहात जागा नव्हती आणि गावात जिथे खोली मिळे तिथे कुणीतरी दोन दिवसांत आडनाव, गाव, वाडा असं विचारत विचारत मुळाशी जाई, की याचं बोचकं रस्त्यावर. परीक्षा फाल्गुनात आणि मार्गशीर्ष लागला तरी हा गंगेच्या घाटावर बसून भूमिती करत होता. मी त्याला सरळ घेऊन आलो. मालकांसमोर उभं करून म्हटलं, "हा माझ्या खोलीत राहणार. हा कोण आहे ते मी लपवणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर आम्ही दोघंही जातो, पण जाण्याआधी मला जे बोलायचं ते बोलेन."

मी भाषण तयार करूनच आलो होतो. मालकांनी मला ते करूच दिलं नाही. गांगुर्डेकडे बघत म्हणाले, "किती स्टेशनं फिरून आलास?"

"चार घरं झाली," गांगुर्डे म्हणाला.

"असा माल मी खूप पाहिलाय. पत्ता नीट असतो, माल नीट असतो, पण उतरवून घ्यायला कुणी येत नाही. मग तो इथून तिथे, तिथून इथे. माझ्या धक्क्यावर आलेला माल मी परत पाठवला नाही कधी. ठेव बोचकं."

माझं डोकं भडकलं. "माणसाला माल म्हणता तुम्ही?"

गांगुर्डे हसायला लागला. "राहू दे रे. निदान उतरवून तरी घेतला."

आडाचंही तसंच. गांगुर्डेने विचारलं, पाणी कुणी काढून द्यायचं? मालक म्हणाले, "आड माझा, दोर माझा, हात तुझे. तहान लागली की काढ." झालं. एवढ्या वाक्यासाठी आम्ही गावोगाव सभा घेत होतो, दगड खात होतो. आणि हा म्हातारा ते वाक्य पेरू चिरता चिरता बोलून गेला, जणू काही विशेष नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तत्त्वाचं वाक्य तत्त्वासारखं बोलावं, असं मला वाटतं.

तो आड मालकांचा असला तरी शास्त्रीबुवांच्या घरचं आणि आणखी दोन घरांचं पाणी तिथूनच भरलं जाई. गांगुर्डे पोहरा सोडतो आहे हे दिसल्यावर ते बंद झालं. पुढच्या एकादशीला मालकांनी पाठवलेली पाकाची बरणी दोऱ्यासकट, न उघडता परत आली. पाठोपाठ निरोप आला: पुढली एकादशी येईल तेव्हा आम्ही तिसऱ्या प्रहरी येतो आहोत. त्या मुलाला काढा, आडाची शुद्धी करा, नाहीतर गल्ली तुम्हाला वाळीत टाकेल.

"टाकू देत," मी म्हणालो. "उत्तम. मी आजच पत्रक लावतो."

मालक परत आलेली बरणी उचलून आत गेले. गांगुर्डेनेच मला बाजूला घेऊन सांगितलं. मालकांची लेक गरोदर होती. पहिलं बाळंतपण, माघात माहेरी यायची होती. तिचं सासर म्हणजे त्र्यंबकचे पुजारी. वाळीत टाकलेल्या घरी ते सुनेला पाठवणं शक्यच नव्हतं. लेकीला बाप एवढंच माहेर होतं. "त्यांनी मला जा म्हटलं तर मी जाईन," गांगुर्डे म्हणाला. "पण परीक्षा दोन महिन्यांवर आहे रे. कुठे जाऊ?"

मालकांनी जा म्हटलं नाही. एकादशीच्या सकाळी बागवानाकडून टोपलीभर पेरू आणले, कोट चढवला, आणि गांगुर्डेला हाक मारली. "इकडे ये. आज सगळं तू करायचंस. मी फक्त बघणार." गांगुर्डेने भूमितीचं पुस्तक पाटाला टेकवून ठेवलं, एकीकडे त्रिकोण पाठ करत पेरू चिरले, गर गाळला, थर लावले, पातेलं हलवलं. लिंबूही त्यानेच पिळलं.

तिसऱ्या प्रहरी शास्त्रीबुवा आले, बरोबर गल्लीतले दोघे होयबा. ओसरीवर बसले. स्वयंपाकघरातून लवंगांचा वास येत होता. मी दाराशी हाताची घडी घालून उभा होतो. एखादा चुकीचा शब्द निघाला की बोलायचं ठरवून.

"शास्त्रीबुवा," मालक अगदी नम्रपणे म्हणाले, "निकाल द्यालच. त्याआधी एक शंका आहे. फळाला विटाळ लागतो का?"

"फळाला कसला विटाळ? बागवानाकडून पेरू घेता तेव्हा सोवळ्यात असतो का तो?"

"आणि खडीसाखर?"

"कोरडी वस्तू. कोरड्याला दोष नाही."

"अग्नी?"

"अग्नी सगळं शुद्ध करतो. लहान पोराला माहीत आहे हे."

"मग फळ, खडीसाखर आणि अग्नी, एवढंच एकत्र आलं तर?"

शास्त्रीबुवांनी नाकाने एक लांब श्वास घेतला. "पाणी?"

"थेंब नाही."

"पाणी नसेल तर ते खरकटं नव्हे. फराळ झाला. कुणीही द्यावा, कुणीही खावा."

"हा निर्णय समजू का?"

"समजा की."

होयबांनीही माना हलवल्या. मालकांनी आतून द्रोण आणले आणि तिघांपुढे पाक वाढला. शास्त्रीबुवांनी पहिली फोड जिभेवर ठेवून डोळे मिटले. महिन्याभराचा उपास होता म्हाताऱ्याला. दुसऱ्यांदा मागून घेतलं. द्रोण निपटून झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि निकाल द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालकांनी आत बघून सहज हाक मारली, "गांगुर्डे, पातेलं भिजत घाल रे. फार छान केलास आज पाक. एकट्याने केलास म्हणून सांगितलं तरी पटणार नाही."

आतून पातेल्याचा आवाज आला.

एका होयबाने तोंडावर हात ठेवला. दुसऱ्याने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांना त्या क्षणी ऐकू येईनासं झालं. ते उठले, उपरणं झटकलं, "बराय, उशीर झाला" म्हणाले आणि निघाले. निकाल तसाच राहिला. मालकांना वाळीत टाकायचं तर आधी स्वतःला टाकावं लागणार होतं, आणि कोणत्या आधारावर? निर्णय तर त्यांचाच.

ते गेल्यावर मी नाचायचाच बाकी राहिलो. "आता माझं पत्रक बघा," मी म्हणालो. मथळा डोक्यात तयार होता: 'धर्ममार्तंडांनी चाटले अस्पृश्याच्या हातचे द्रोण.' उद्या सकाळी गावभर.

मालक खूश होते. कोटाची बटणं सोडत होते. तेवढ्यात गांगुर्डे बाहेर आला. हात ओले, चेहरा काळवंडलेला. रागावला की तो घरच्या अहिराणीवर येई.

"मालक, मी काय पाल शे का?"

मालकांना कळेना. "काय झालं?"

"त्यांनी आवडीनं खाल्लं. खाऊन झाल्यावर तुम्ही माझं नाव घेतलंत. जेवणात पाल पडली होती म्हणून सांगावं ना, तसं. ते शहारावेत म्हणून. माझं नाव ऐकून कुणी शहारणार, याच्यावरच तुमची सगळी युक्ती होती."

मालकांनी सोडलेलं बटण परत लावलं. गांगुर्डे माझ्याकडे वळला. "आणि तू तेच छापणार. पाल पडली, पाल पडली, गावभर."

"हे तसं नाही," मी म्हणालो. "हा लढ्याचा भाग आहे. तू व्यक्तिगत घेऊ नकोस."

"नाव माझं आहे. मग कुणी घ्यायचं व्यक्तिगत?"

त्याचं म्हणणं मला पटलं नाही. खरं सांगायचं तर अजून पूर्ण पटलेलं नाही. असल्या ढोंगाला चव्हाट्यावर आणलंच पाहिजे. पण पत्रक छापलं नाही. ज्याच्यासाठी लढतो असं म्हणतो तो समोर उभा राहून नको म्हणतो, तेव्हा काय करावं याची शिकवण आमच्या मंडळात कुणी दिली नव्हती.

मालकांनी त्या दिवशी पाक खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर गांगुर्डेला म्हणाले, "माल म्हणून नको होतं मोजायला तुला." मला वाटतं ती माफी होती. त्यांच्या जवळ दुसऱ्या जातीची माफी नव्हती.

पुढची एकादशी आली. कुणी येईल असं वाटलं नव्हतं, पण गांगुर्डेने पेरू आणले होते. कुणी सांगितलं नव्हतं. मालक बाहेर गेले होते तेवढ्यात त्याने शेगडी पेटवली. आणि तिसऱ्या प्रहरी शास्त्रीबुवा आले. एकटेच. ओसरीवर टेकले, कपाळ पुसलं.

"कफ झालाय," ते मालकांना म्हणाले. "पेरू कफावर चांगला, असं वैद्यांनी सांगितलं."

पेरूने कफ वाढतो हे नाशकातलं शेंबडं पोर जाणतं. मालक उठायला लागले, पण गांगुर्डे आतून पातेलं घेऊन आलाच. ओसरीच्या पायरीवर उभा राहिला. उजेडात. पहिल्यांदाच. शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग परत त्याच्याकडे. या वेळी ऐकू न येण्याचा उपयोग नव्हता.

"तूच केलास?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"पाणी नाही ना घातलं?"

मी गांगुर्डेकडे बघितलं. एक 'नाही' म्हटलं की झालं होतं. फराळ, फळ, अग्नी, सगळं जागच्या जागी बसलं असतं. खोली राहिली असती, परीक्षा झाली असती, मालकांची लेक माहेरी आली असती.

"घातलंय," गांगुर्डे म्हणाला. "या खेपेचे पेरू कोरडे होते. आडाचं घातलंय, लोटाभर. मी काढलेलं."

मालकांचा चेहरा पांढरा पडला. लेकीच्या विचाराने पडला की पाकात पाणी घातल्याच्या, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मी दोन शब्द बोलण्यासाठी पुढे झालो, तर त्यांनी माझा सदरा मागून घट्ट धरला.

शास्त्रीबुवांनी वाकून पातेल्यात पाहिलं. फोडी गुलाबी झाल्या होत्या. वाफ निघत नव्हती. पाक निवला होता. गल्लीतून कुणी बाई घागर घेऊन गेली, तिने वळून पाहिलं आणि पावलं मंद केली. शास्त्रीबुवांनी तिलाही पाहिलं.

"शिजलंय ना ते पाणी?" ते शेवटी म्हणाले.

"शिजलंय."

"मग वाढ."

गांगुर्डेने वाढलं. वरून टाकलं नाही. वाकून, द्रोणाला पळी टेकवून वाढलं. शास्त्रीबुवांनी द्रोण मागे घेतला नाही. खाल्लं, परत मागितलं, ते खाल्लं, आणि उठून कुणाशी न बोलता थेट गंगेवर गेले. पौषातली थंडी, संध्याकाळ होत आलेली, आणि तो दात नसलेला म्हातारा घाटावर डोक्यावरून पाणी घेतो आहे, हे आम्ही तिघांनीही गच्चीवरून पाहिलं. अंगावरच्या धोतरासकट, सचैल.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "हे ढोंग. खायचं आणि मग आंघोळ करून मोकळं व्हायचं. यांचा जाहीर धिक्कार झाला पाहिजे."

"आंघोळ त्याची, पाक आपला," मालक म्हणाले. "तुझं काय जातंय?"

पुढे दर एकादशीला हेच. शास्त्रीबुवा येत, गांगुर्डेच्या हातचं खात आणि नदीवर जात. वाळीत टाकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. काढणार कोण? माघात त्र्यंबकहून टांगा आला, लेक पोट सावरत उतरली. फाल्गुनात गांगुर्डे परीक्षेला बसला. आडावर शास्त्रीबुवांच्या घरची घागर दिसायला मात्र आणखी एक उन्हाळा जावा लागला, आणि तीही कुणी बघत नसताना. हे सगळं मी अजूनही समाधानकारक मानत नाही. यातल्या एकाही माणसाचं मतपरिवर्तन झालं नव्हतं. कुणी चूक कबूल केली नाही. कुणी ठराव मांडला नाही.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं सांगतो. गच्चीवरून आम्ही बघत होतो. शास्त्रीबुवा ओल्या धोतराने कुडकुडत पायऱ्या चढून परत येत होते, दर दोन पायऱ्यांनी थांबत. गांगुर्डे कठड्यावर हात ठेवून ते बघत राहिला. हसेल असं मला वाटलं. मी हसणारच होतो.

"पुढच्या खेपेला गरम वाढू," तो म्हणाला. "खाऊन म्हाताऱ्याला नदीवर जायचं असतं."

"गरम वाढ," मालक म्हणाले. "पण पाणी नको घालूस बाबा. पेरूची चव जाते."

"घालणार," गांगुर्डे म्हणाला, आणि भूमिती करायला खाली गेला.